अवसेला खाली काही ठेवू नका

दिवाळीला गावी आले आणि पहिल्याच संध्याकाळी अंगणात चार बायका येऊन बसल्या. कुणाच्या मुलाला डोंबिवलीत नोकरी लागली आहे, कुणाचा जावई कल्याणला बदलून चालला आहे. सगळ्यांचा प्रश्न एकच: "तिकडं खाडीच्या काठाला राहायचं म्हणजे कसं गं?" तोंडी सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून आज पाडव्याच्या दुपारी लिहायला बसले आहे. मी काही फार हिंडलेली बाई नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावात वाढले, तालुक्याच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. ज्यांनी मला तिथवर पोचवलं त्या शिक्षकांचं ऋण मनात ठेवूनच हे लिहिते आहे. त्यांनी शिकवलेलं एक वाक्य मी चुकीच्या जागी वापरलं, तेही यात येईल.

खाली तारखांऐवजी तिथी दिल्या आहेत. मी आता तशीच मोजते.

वैशाख वद्य नवमी

डोंबिवलीत मानपाड्याजवळच्या एका रंगाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं, आणि रविवारी सकाळी आम्ही चौघं कल्याणला उतरलो: मी, सईचे वडील, सहा वर्षांची सई आणि माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, म्हणून पुढे आत्या असंच लिहिते. सामान म्हणजे एक लोखंडी पेटी, भांड्यांचं बोचकं, सईच्या वडिलांची मोटारपंप दुरुस्तीची हत्यारं, आणि ज्वारीच्या तीन गोण्या. गोण्या नकोत असं मी म्हणाले होते. आत्या म्हणाल्या, "परक्या मुलखात निदान भाकरी तरी आपली असावी."

आत्या आल्या होत्या त्या एका अटीवर. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "पंधरा दिवस बघते. जमलं तर ऱ्हाते. न्हाई जमलं तर सईला घेऊन माघारी येते." ही धमकी नव्हती. मी दिवसभर कंपनीत आणि सईचे वडील दुरुस्तीच्या कामाला, तर पोरीकडे बघणार कोण? आत्या परत गेल्या तर मला नोकरी किंवा लेक यातलं एक सोडावं लागलं असतं. दोन्ही ठेवायचंच, असं मी ठरवलं होतं.

आधी कळव्याला एक खोली पाहिली. चांगली होती, पण जिना इतका अरुंद की आत्यांनी तिसऱ्या पायरीवरच मान हलवली. मग दुपारी डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीच्या बांधापाशी पोचलो. तिथं हिराबाईंची चाळ आहे. हिराबाई कोळीण. वय आत्यांएवढंच, साठीच्या आसपास. वरच्या बाजूला त्यांचं घर, आणि तिथून खाडीकडे उतरत गेलेल्या भाड्याच्या चार खोल्या. चौथी, अगदी खालची, रिकामी होती.

"बघा, पसंत पडली तर ऱ्हावा," हिराबाई म्हणाल्या. "नळ हाय, मोरी हाय, वारा तर फुकट."

खोली खरंच छान होती. दारात पिंपळाची सावली, समोर बांध, बांधापलीकडे तिवरांची हिरवी भिंत. आम्हा दुष्काळी भागातल्या माणसांना एवढं पाणी एका जागी बघायची सवय नाही. आत्या बांधावर जाऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढं पाणी, आणि एक घोट पिण्याजोगं न्हाई."

आत भिंतीला खालून वीतभर उंचीवर एक पांढुरका पट्टा होता. बोट लावलं तर पावडर निघाली. मीठ आहे हे मी लगेच ओळखलं. पण ते तिथं आलं कुठून, हे विचारलं नाही. सईच्या वडिलांनी संध्याकाळी त्यावर निळा रंग मारला.

दशमी

पहिला दिवस कंपनीत गेला. संध्याकाळी परत आले तेव्हा हिराबाई दारात टोपली घेऊन बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "कुठं कामाला तू?"

"रंगाच्या कंपनीत."

"आता गं बाय! मंग खाडीला औंदा कंचा रंग देनार?"

मी चपला काढू लागले. त्यांनीच हसून हात झटकला. पूर्वी दारातल्या खाडीत निवट्या, कोळंबी, खरबी मिळायची. आता त्यांचा मुलगा आठवड्यातून एक-दोनदाच होडी काढतो, आणि त्या स्वतः पहाटे मोठ्या बाजारातून मासळी आणून विकतात, असं त्यांनी सांगितलं. रागावून नाही, पाऊस कमी झाला असं आपण सांगतो तसं. नव्यानं जाणाऱ्यांना माझं सांगणं आहे: हा टोमणा तुम्हालाही मिळेल. उत्तर देऊ नका, ऐकून घ्या. त्यांचं नुकसान खरं आहे.

उठताना त्या सहज म्हणाल्या, "नि आयक, अवसेला खाली काय ठेवू नको. पुनवेला पन. मागं विटा ठेवल्यात."

आता माझी चूक. आमच्या गावात अवस म्हटलं की लिंबू, मिरची, उतारा. अवसेला बैल जुंपायचे नाहीत, घराबाहेर काही ठेवायचं नाही, कुणी काही दिलं तर घ्यायचं नाही. शाळेत आमच्या गुरुजींनी हे सगळं आमच्या डोक्यातून काढायला जिवाचं रान केलं होतं. "पटल्याशिवाय मानायचं नाही," असं ते म्हणायचे. मी ताठ मानेनं हिराबाईंना म्हणाले, "आम्ही असलं काही मानत नाही हो."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि टोपली उचलून गेल्या.

एकादशी

आत्यांचा उपवास, गळ्यात तुळशीची माळ. आणि नेमकी त्याच संध्याकाळी हिराबाई नव्या बिऱ्हाडाचा मान म्हणून झाकलेलं ताट घेऊन आल्या. सईनं झाकण उचललं आणि किंचाळत माझ्या मागे लपली. रश्शातून चिंबोरीची नांगी वर आली होती.

"अगं मेलीय ती, चावनार नाय!" हिराबाई हसायला लागल्या.

आत्या भिंतीला टेकल्या. "आमचा उपास हाय आज."

"मंग उद्या खावा. मुरली का आनखी चांगली लागते."

मी माळेकडे बोट दाखवलं. हिराबाईंनी कपाळावर हात मारला, ताट उचललं, आणि पंधरा मिनिटांनी उकडलेली रताळी व अर्धा नारळ घेऊन परत आल्या. आत्यांनी बदल्यात शेंगादाण्याच्या चटणीची वाटी दिली. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली ती हे ऐकवत: "बाय, तुज्या चटनीसंगं सुका बोंबील काय लागतो!" आत्यांनी ती वाटी तीन वेळा घासली. पण चटणी पुन्हा भरून दिली, हे मी पाहिलं.

वासाबद्दल विचारता, तर वास येतो. दारासमोर दांडीवर बोंबील वाळतात. पहिले दोन दिवस आम्ही दार लावून घेत होतो. तसं करू नका. तिथं लावलेल्या दाराचा अर्थ एकच होतो, आणि तो कुणाला विसरायला लावणं अवघड जातं. वाळत टाकलेल्या जाळ्यावरून ओलांडून जाऊ नका. आणि लोखंड शक्य तितकं कमी न्या, खारा वारा त्याला खातो. आमच्या पेटीच्या कडीला आठ दिवसांतच तांबूस पूड धरली.

चतुर्दशी

आत्या रात्रीच्या भाकऱ्या थापत होत्या. म्हणाल्या, "उद्या अवस. बाईनं सांगितलंय तर गोण्या उचलून ठिवू."

"आत्या, पुन्हा तेच? गावात मानतात म्हणून इथंही?"

"अगं, पण सांगितलंय तर उचलायला काय जातंय?"

"सईसमोर नको," मी म्हणाले. "तिला नाही शिकवायचं असलं."

तव्यावरची भाकरी आत्यांनी जरा जोरातच उलटली.

अमावास्या

चौथ्या शनिवारची मला सुट्टी होती. सईचे वडील कल्याणला काही सुटे भाग आणायला गेले होते. ऊन कडक, आकाशात ढगाचा ठिपका नाही. साडेबाराच्या सुमाराला सई म्हणाली, "आई, मोरी उलटी वाहतेय."

मी बघितलं. मोरीच्या भोकातून काळपट पाणी वर येत होतं. आवाज न करता, घाई न करता. आधी मोरी भरली, मग मोरीच्या कठड्यावरून घरात उतरलं. पाणी दारातून येतं अशी माझी समजूत. त्यामुळे मी दाराकडे धावले, तर दार कोरडं. मी टॉवेल कोंबला. टॉवेल वर आला. आत्यांनी सईची पुस्तकं उचलली, मी पेटी ओढू लागले, आणि तेवढ्यात घोट्याएवढं पाणी खोलीभर झालं.

हिराबाई ओचा खोचून दारात उभ्या होत्या. "पोर दे आधी!"

त्यांनी सईला कडेवर घेऊन वरच्या ओट्यावर ठेवलं आणि परत आल्या. त्या आणि मी, दोघींनी मिळून वरच्या दोन गोण्या खाटेवर चढवल्या. तिसरी, सगळ्यांत खालची, हातात घेतली तर तळातून गळत होती.

"मी सांगितलेलं ना तुला!" हिराबाई धापा टाकत म्हणाल्या.

"मला वाटलं तुम्ही... बाहेरचं वगैरे..."

त्यांना क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. पाण्यात उभ्या राहून त्या इतक्या हसल्या की भिंतीला धरावं लागलं. "भुतं? अगं बाय, भरती! अवसेला नि पुनवेला उधान असतं. हे काय सांगायचं असतं व्हय? सूर्य उगवतो म्हनून कोन सांगतो का? तू मान नायतर नको मानू, पानी तुला इचारून येतं का?"

दीड-दोन तासांत पाणी आलं तसं निघून गेलं. मागे बोटभर काळा चिखल राहिला, आणि निळ्या रंगावर नवी ओली रेघ. तो पांढरा पट्टा म्हणजे आधीच्या प्रत्येक उधाणानं लिहून ठेवलेला निरोप होता. रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या बाईनं त्यावर रंग मारून घेतला होता.

संध्याकाळी तिसऱ्या गोणीचा प्रश्न होता. खाडीत काय काय मिसळतं हे मला कामावरून माहीत होतं. ही ज्वारी धुऊन वाळवूनही खायची नाही, हे मला सांगावं लागलं. आत्या गोणीशेजारी बसल्या. मूठभर दाणे हातात घेऊन म्हणाल्या, "ह्या जवारीच्या पट्टीला मी खुरपलंय." मग माझ्याकडे न बघता, "मी सांगितलं ते तू ऐकलं न्हाईस. तिनं सांगितलं तेबी न्हाई. शिकलेल्या माणसानं निदान इचारावं तरी."

मी त्यांच्यासमोर बसले. "चुकलं माझं, आत्या. तुमच्यापाशी चुकलं आणि हिराबाईंपाशीपण."

"हिराबाईला जाऊन सांग. मला सांगून काय? मी परवा जाते. सईला घेऊन."

मी नको म्हणाले नाही. तो हक्क त्या दिवशी मी गमावला होता. पण वर जाऊन हिराबाईंची माफी मागितली आणि विचारलं, "उद्या काय होईल?" पहिल्याच दिवशी विचारायचा प्रश्न मी सातव्या दिवशी विचारला.

"उद्या आजच्यापरीस चार बोटं जास्त," त्या म्हणाल्या. "उधान अवसेच्या फुडं दोन दिवस चढतं. येते मी सकाळी."

ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदा

हिराबाई सकाळी विटा घेऊन आल्या. खाटेचे चारही पाय विटांवर, पेटी खाटेवर, गोण्या हिराबाईंच्या माळ्यावर, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत खिळ्याला. मोरीच्या भोकाला त्यांनी चिंध्यांचा बोळा आणि वर पाटा ठेवला. "थांबत नाय, पन सावकास येतं," म्हणाल्या.

मग त्या वेळ सांगू लागल्या. "पूर्वी माजी सासू सांगायची, तिथीची पाऊनपट करायची का भरतीची येळ, नि अवस-पुनवेला बारा धरायचे. त्यात आपल्या खाडीचा येक तास घालायचा, पानी आत यायला लागतो तेवढा. आता सगली मोबाइल बघतात, नि माजा चस्मा सापडत नाय. आज कंची तिथ?"

मी भिंतीवर कॅलेंडर शोधायला लागले. आत्या कोपऱ्यातून, बोचकं बांधता बांधता म्हणाल्या, "आज प्रतिपदा."

"मंग पाऊनपट?"

मी मनात गुणाकार करायच्या आत आत्या बोलल्या, "एक पाऊण पाऊण. पाऊण वाजता. आणि तुमचा एक तास. पावणेदोन." हिराबाईंनी वळून पाहिलं. आत्या पुढे म्हणतच राहिल्या, लहानपणी भावांच्या पाठीमागे बसून ऐकलेली पाऊणकी, "बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन..." शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या सासूला पाऊणकी येते, हे मला लग्नाला आठ वर्षं होऊनही माहीत नव्हतं.

"आनि तिथ बघायला लागत नाय तुला?" हिराबाईंनी विचारलं.

"बघायची कशापायी? उपासतापास करतोय आपण. डोक्यात असतीच की."

दुपारी आम्ही सगळ्या खाटेवर पाय वर घेऊन बसलो. आत्या शेंगा सोलत होत्या. सव्वाला मोरीत बुडबुडे आले. पाणी आलं, फरशीभर पसरलं, खाटेच्या विटांना लागलं. हिराबाईंनी वरून आणलेल्या जुन्या घड्याळात पावणेदोन झाले आणि पाणी थांबलं. काही मिनिटं तसंच राहिलं, मग काठानं मागे सरू लागलं. त्याला न्यायला काहीच नव्हतं.

आत्या शेंगेचं टरफल पाण्यात टाकून त्याची दिशा बघत होत्या. "निघालं," त्या म्हणाल्या. हिराबाईंनी टाळी वाजवली. "बाय, तू तर माज्या सासूची सासू निघालीस!"

बोचकं अर्धं बांधलेलं तसंच राहिलं.

ज्येष्ठ शुद्ध नवमी

पंधरा दिवस झाले. दरम्यान सईचा शाळेत प्रवेश झाला. त्यासाठी भाडेकरार, जन्मदाखला आणि आधीच्या शाळेचा दाखला लागतो. गावाहून निघतानाच हे घेऊन निघा, मागून मागवण्यात आठवडा जातो. सईच्या वडिलांना जवळच्या सोसायट्यांमधून पंपाची कामं मिळू लागली, कारण खाऱ्या हवेत मोटारी लवकर कुजतात.

संध्याकाळी सईच्या वडिलांनी विचारलं, "आई, तिकीट काढू का?" माझ्या हातातलं काम थांबलं.

आत्या म्हणाल्या, "पुनव होऊ दे."

पौर्णिमा आणि नंतर

वटपौर्णिमेच्या सकाळी आत्या वडाला जायच्या आधी चाळीतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या खोलीच्या दारात गेल्या. त्या दोन्ही खोल्यांत आमच्यासारखीच परगावची माणसं. "साडेबाराला पाणी येईल. गाद्या उचला, सिलिंडरखाली वीट घाला." तिसऱ्या खोलीतल्या सुनेनं विचारलं, "आजी, तुम्हाला कसं कळतं?" आत्यांनी तिला दारातच बसवून पाऊणकी शिकवायला घेतली. तिला वडाला जायला उशीर झाला.

खाडीकाठी जाणाऱ्यांना माझा सल्ला एवढाच आहे. खोली बघायला अमावास्येला किंवा पौर्णिमेला दुपारी जा, इतर दिवशी ती तुम्हाला खरं सांगणार नाही. भिंतीवर पट्टा दिसला तर तो किती उंच आहे ते मोजा. आणि घरमालकिणीनं सांगितलेली गोष्ट वेडगळ वाटली, तर तिला नाही म्हणण्याआधी "का?" विचारा. गुरुजींचा धडा मी अर्धाच शिकले होते. पटल्याशिवाय मानायचं नाही हे खरं, पण पटवून घ्यायला आधी तोंड उघडावं लागतं.

आत्या राहिल्या का, असं अंगणातल्या बायकांनी विचारलं. मी काय सांगू? "ऱ्हाते" असं त्यांनी आजवर एकदाही म्हटलेलं नाही. पुनव झाली की अवस होऊ दे म्हणतात, अवस झाली की पुनव. असे पाच महिने झाले.

काल लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, पणत्या धुणं चालू असताना, त्यांनी सकाळी अकरालाच माझा फोन मागितला. मोठ्या आवाजात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलत होत्या. "हिराबाई, आज अवस. आमच्या शेजारच्या खोलीत नवं बिऱ्हाड आलंय, त्यांस्नी सांगितलंस का?... काय म्हणाली ती?... मग पुन्हा सांग. दारात उभी ऱ्हाऊन सांग... व्हय, चटणी आणतेय."

फोन ठेवल्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या, "वैनी, आता आलाच आहात तर कार्तिकी पुनव करूनच जा की."

"छे गं," आत्या पणती पुसत म्हणाल्या, "पुनवेच्या आत घरी पोचायला पाहिजे."